सुदामा नगरातल्या घराला व्हिडिओ डोअर फोन: कोणता घ्यावा, कुठे लावावा

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-बाबा इंदूरला सुदामा नगरात राहतात, तुम्ही पुण्यात. मागच्या महिन्यात "गॅसची नळी तपासायला आलोय" असं सांगून एक अनोळखी माणूस थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला. चोरी काही झाली नाही, पण तेव्हापासून आईंना दुपारची झोप लागत नाही. म्हणून वायफायची बेल घ्यावी की वायरीचा फोन, कोणत्या कंपनीचा घ्यावा, आणि दारात कोण आलंय ते तुम्हाला पुण्यात बसून दिसेल का, हे तुम्हाला हवंय. घराची माहिती नीट दिलीत, त्याने माझं काम सोपं झालं: तळमजला, फाटकापासून दारापर्यंत २५ फूट अंगण, लाकडी दाराबाहेर जाळीचं दार, वर भाडेकरू, दोन्ही घरांना मिळून एकच फाटक. बाबा ७६ वर्षांचे, त्यांना कमी ऐकू येतं. आई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात.

मी इंदूरमध्ये २१ वर्षं इंटरकॉम आणि दाराचे फोन बसवतोय. लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर इथली कितीतरी घरं आता अशीच झालीत, मुलं बाहेरगावी आणि घरात दोघंच. त्यामुळे मनापासून सांगतो. कंपनीचा प्रश्न आपण शेवटी घेऊ, कारण त्या दिवशी जे घडलं ते आधी समजून घ्यायला हवं.

त्या माणसाने दार तोडलं नाही. आईंनी उघडलं. बेल वाजली, त्या गुडघे सांभाळत स्वयंपाकघरातून उठल्या, हॉल ओलांडून दारापर्यंत आल्या आणि कडी काढली. एकदा घरातला माणूस दारापर्यंत चालत आला की उघडतोच. समोर कोणी उभा असताना जाळीआडून चौकशी करत राहणं आपल्याकडच्या बायकांना जड जातं. "दारात आलेल्याला असं उभं कसं ठेवायचं" हे वाक्य मी शेकडो घरांत ऐकलंय. म्हणून फोन असा लावायला हवा की उठण्याआधी, बसल्या जागी, कोण आलंय ते दिसेल आणि दोन शब्द बोलता येतील. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीवर उभं आहे.

म्हणजेच आतला मॉनिटर कुठे लागतो याला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. आणि नेमकं हेच बहुतेक ठिकाणी चुकतं. बसवणारा येतो, दाराशेजारच्या भिंतीला मॉनिटर ठोकतो, कारण तिथे वायर सगळ्यात कमी लागते. मीही सुरुवातीची काही वर्षं तसंच केलं. लोकमान्य नगरात एका आजींकडे मी सुंदर सात इंची मॉनिटर दारापासून दोन फुटांवर लावला होता. वर्षभराने दुसऱ्या कामासाठी गेलो. बेल वाजवली, तर त्यांनी मॉनिटरकडे न बघता दार उघडलं. मी विचारलं, आजी, बघितलं नाहीत? त्या म्हणाल्या, "अरे, इथपर्यंत आले तर आता टीव्हीत काय बघायचं? जाळीतून दिसतंच की." त्यांचं बरोबर होतं. त्या दिवशी मी तो मॉनिटर काढला आणि भिंत पुन्हा फोडून स्वयंपाकघरात, ओट्याच्या बाजूला, गॅसपासून चार हात लांब लावला. तेव्हापासून मी कोणत्याही घरी गेलो की पहिला प्रश्न विचारतो: सकाळी अकराला तुम्ही कुठे असता? दुपारी तीनला कुठे? रात्री नवाला कुठे?

तुम्ही आज फोनवर आईंना हे तीन प्रश्न विचारा. माझा अंदाज, सकाळी स्वयंपाकघर, दुपारी आतली खोली, संध्याकाळी हॉलमध्ये टीव्ही. तसं असेल तर दोन मॉनिटर घ्या, एक स्वयंपाकघरात आणि एक झोपायच्या खोलीत पलंगाच्या उशाशी. दुसऱ्या मॉनिटरचा खर्च वाढतो हे खरं, पण महागडा कॅमेरा घेऊन एकच मॉनिटर लावण्यापेक्षा मध्यम कॅमेरा आणि दोन मॉनिटर मी केव्हाही पसंत करीन. विकत घेताना एवढं विचारून घ्या की त्या संचाला दुसरा मॉनिटर जोडता येतो का. सगळ्यांना येत नाही.

आता वायर की वायफाय.

बॅटरीवर चालणारी वायफायची बेल वाईट नाही. फ्लॅट असेल, दार राउटरपासून एका भिंतीवर असेल, राहणारी माणसं तरुण असतील आणि मोबाईल सतत हातात असेल, तर ती दहा मिनिटांत लागते आणि छान चालते. भाड्याच्या घरात तर मीच ती सुचवतो, कारण भिंत फोडावी लागत नाही. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. राउटर बहुधा मागच्या खोलीत असेल, मध्ये नऊ इंची विटांच्या दोन-तीन भिंती, मग २५ फूट अंगण आणि लोखंडी फाटक. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तर फाटकापर्यंत पोचणारच नाही, २.४ चा पोचला तरी अडखळत. शिवाय अशा बहुतेक बेलचं चित्र आधी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून मोबाईलवर येतं. कधी दोन सेकंदांत येतं, कधी बाहेरचा माणूस कंटाळून दुसऱ्यांदा बेल वाजवेपर्यंत येत नाही. बाबांचा मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो, आईंचा पर्समध्ये. म्हणून त्यांच्यासाठी वायरीचाच फोन हवा. बटण दाबलं की त्याच क्षणी चित्र, इंटरनेट असो वा नसो.

तुम्हाला पुण्यात दिसायला हवं, त्याचीही सोय होते. बाहेरच्या पॅनेलपासून (कॅमेरा आणि बेलचं बटण असलेला डबा) मॉनिटरपर्यंत वायर आणि मॉनिटरच्या आत वायफाय, असे संच मिळतात. मॉनिटर घराच्या आतच, राउटरच्या जवळ असल्यामुळे सिग्नलची अडचण येत नाही. इंटरनेट बंद पडलं तर फक्त तुमचं दिसणं थांबतं, आई-बाबांचं चालूच राहतं. तुमच्या घरासाठी माझा सल्ला हाच आहे.

वायरीचे प्रकार तीन. जुना आणि अजून सगळ्यात जास्त चालणारा चार वायरींचा: एक वायर वीज, एक आवाज, एक चित्र आणि एक सगळ्यांची सामाईक. दुसरा दोन वायरींचा, ज्यात वीज आणि चित्र त्याच जोडीवरून जातं. घरात जुन्या बेलची वायर भिंतीत गाडलेली असेल आणि फोडाफोड करायची नसेल तर हा कामाला येतो, पण तो संच महाग पडतो. तिसरा नेटवर्क केबलवरचा, मोठ्या इमारतींसाठी. एका केबलला १०० मीटरची मर्यादा असते आणि वीजही त्याच केबलमधून देता येते. दोन माणसांच्या घराला चार वायरींचा पुरेसा आहे. मात्र पाइपमधून वायर ओढताना चार वायरींच्या केबलसोबत एक नेटवर्क केबलही ओढून ठेवा. पाइप एकदाच गाडला जातो. पाच वर्षांनी काही बदलायचं झालं तर अंगणाची फरशी पुन्हा उखडावी लागणार नाही.

वायरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या तक्रारींत मशीन बिघडलेलं कमी आणि वायर चुकलेली जास्त असते. तक्रार ठरलेली असते: "दिवसा छान दिसतं, रात्री चित्र हलतं, पट्टे येतात." कारण साधं आहे. रात्री कॅमेऱ्याभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि पॅनेल जास्त करंट ओढतं. वायर बारीक असेल तर तेवढ्या करंटला व्होल्टेज वाटेतच पडतं. तुमच्या घरी फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत, वर-खाली धरून, २५ मीटर वायर लागेल. जाऊन-येऊन ५० मीटर तांबं. वायर ०.२ चौरस मिलिमीटरची असेल तर तिचा रोध साधारण साडेचार ओहम. पॅनेलने रात्री ०.४ अँपिअर ओढला तर १२ व्होल्टमधले पावणेदोन-दोन व्होल्ट वाटेतच जातात. तीच वायर ०.७५ ची घेतली तर अर्धा व्होल्टसुद्धा पडत नाही. याच बारीक वायरीवर कुलूप जोडलं तर हाल आणखी. कुलपाला क्षणभर एक अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतो, साडेचार व्होल्ट वायर खाते आणि कुलूप फक्त "टक" करतं, उघडत नाही. मग घरचे म्हणतात कुलूप खराब आहे, आणि नवं कुलूप आणलं तरी तेच होतं.

संचासोबत डब्यात जी गुंडाळी येते ती नमुन्यापुरती समजा. महाराणी रोडवर जाऊन ०.७५ ची, बहुतारी, चार वायरींची केबल घ्यायला सांगा, आणि दुकानातच एक टोक सोलून ब्लेडने खरवडून बघायला सांगा. खरवडल्यावर आतून लाल-तांबूसच दिसलं तर तांबं. आत पांढरं चमकलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. ती वायर स्वस्त असते, पण तिचा रोध जास्त, आणि स्क्रूखाली दाबली की दोन-चार वर्षांत टोकाशी तुटते. हे खरवडणं मी प्रत्येक गुंडाळीला करतो, ओळखीच्या दुकानातसुद्धा.

आणखी दोन गोष्टी बसवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. ही केबल २३० व्होल्टच्या वायरिंगच्या पाइपमधून न्यायची नाही. स्पीकरमधून घूं असा आवाज येतो हे तर आहेच, पण आत कुठे इन्सुलेशन गेलं तर फाटकावरच्या पॅनेलला मेन्सचा करंट येऊ शकतो. वेगळा पाइप, लाइटच्या पाइपपासून फूटभर लांब. आणि अंगणात जमिनीखाली जोड नको. फाटकापासून मॉनिटरपर्यंत एकसंध वायर. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, टेप गुंडाळलेला जोड पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच जातो.

काळ्या मातीवरून फाटकाच्या कुलपाकडे येतो. तुम्ही लिहिलंय की बसवणारा फाटकाला विजेचं कुलूप लावायचा आग्रह करतोय. मी नको म्हणेन, निदान आत्ता नको. माळव्याची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या फाटकांचे खांब त्याबरोबर सूतभर इकडे-तिकडे होतात. साध्या कडीला त्याने फरक पडत नाही, पण विजेच्या कुलपाची जीभ खाचेत नेमकी बसावी लागते. जूनमध्ये जुळवलेलं कुलूप सप्टेंबरमध्ये अडकतं. शिवाय फाटक भाडेकरूंचंही आहे, त्यांच्या प्रत्येक पाहुण्यासाठी आईंनी बटण दाबायचं का? तुमच्याकडे खरी हद्द जाळीचं दार आहे. उन्हाळ्यात वाऱ्यासाठी लाकडी दार उघडं राहणारच, त्याला कोणी थांबवू नये. म्हणून कुलूप लावायचंच तर जाळीच्या दाराला लावा आणि पॅनेल फाटकाऐवजी दाराशी घ्या. फाटकाला साधी कडी राहू द्या. वायर निम्म्यावर येते आणि भाडेकरूंचा प्रश्नही सुटतो, कारण ते वरच्या जिन्याने जातात, आईंच्या दाराशी येतच नाहीत.

अर्थात हे जिना कुठून निघतो यावर अवलंबून आहे. जिना दारापुढच्याच ओट्यावरून निघत असेल तर दोन बटणांचं पॅनेल घ्यावं लागेल, वरचं बटण वरच्या मजल्यावर वाजणारं. नाहीतर वरच्यांकडे येणारा प्रत्येक पार्सलवाला आईंना उठवेल, आणि महिनाभरात त्या मॉनिटरकडे बघणं सोडून देतील.

कुलपाच्या प्रकारांत दोन मुख्य. चुंबकाचं कुलूप वीज असेपर्यंत धरून ठेवतं, वीज गेली की सुटतं. दुकानं-ऑफिसांत ते योग्य, कारण आग लागली तर माणसं आत अडकत नाहीत. घराच्या दाराला ते लावलं तर बॅटरी संपल्यावर दार आपोआप मोकळं. दुसरं जिभेचं, म्हणजे इलेक्ट्रोमेकॅनिकल कुलूप: वीज गेली तरी बंदच राहतं, आतून खुंटी किंवा बटण दाबून हाताने उघडतं आणि बाहेरून किल्लीने. घराला हेच घ्या, पण आतली खुंटी बाबांच्या बोटांना सहज फिरते का ते दुकानात त्यांच्याच हातून बघा. रात्री कधी धूर झाला, शॉर्ट सर्किट झालं, तर त्यांना अंधारात ती खुंटी सापडली पाहिजे.

आता या उत्तरातली सगळ्यात गंभीर गोष्ट. कुलपाच्या वायरी कुठून जातात ते बसवणाऱ्याला विचारा. बऱ्याच स्वस्त संचांत कुलूप उघडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, बाहेरच्या पॅनेलमध्येच असतो. काम सोपं होतं म्हणून बसवणारे तिथूनच वायर काढतात. टिळक नगरात एका घरी मला दुसऱ्याच दुरुस्तीला बोलावलं होतं. मी घरमालकांना बाहेर उभं केलं, खालचा एक स्क्रू काढून पॅनेल भिंतीवरून उचललं आणि मागच्या दोन वायरी एकमेकींना लावल्या. खट्ट, दार उघडलं. एक मिनिटही लागलं नाही. त्या काकांचा चेहरा मला अजून आठवतो, पाच वर्षं ते त्या कुलपाच्या भरवशावर झोपत होते. रिले आतल्या मॉनिटरमध्ये असावा, किंवा आत वेगळा बसवावा, आणि कुलपाच्या वायरी बाहेरच्या डब्याला शिवूही नयेत. बसवणारा "एवढं कोण करतंय" म्हणाला तर दुसरा बसवणारा शोधा. कुलपाला वेगळा अ‍ॅडॅप्टर द्या, आणि कुलूप डीसी असेल तर त्याच्या दोन टोकांवर १एन ४००७ हा डायोड उलटा, म्हणजे त्याची पांढरी रेघ प्लसकडे ठेवून, लावायला सांगा. कुलपाच्या गुंडाळीतला करंट तुटताना उलट झटका बसतो आणि रिलेचे संपर्क जळतात. डायोड एक-दोन रुपयांना मिळतो आणि ते वाचवतो.

कुलपाचा आणखी एक धोका मी इंदूरमध्येच शिकलो. २०१७ साली आपलं शहर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं, तेव्हापासून सकाळच्या कचरागाडीचा नेम कोणी चुकवत नाही. गाडीचं गाणं ऐकू आलं की आई ओला-सुका डबा घेऊन फाटकाशी जाणार. मागे जाळीचं दार वाऱ्याने लागलं, कुलूप बसलं, बाबा आंघोळीला, किल्ली आत. एका काकू अशा अर्धा तास अंगणात बसून राहिल्या होत्या. मग त्यांनीच उपाय काढला: एक किल्ली ओल्या कचऱ्याच्या डब्याच्या मुठीला सुतळीने बांधली. डबा आत तर किल्ली आत, डबा बाहेर तर किल्ली त्यांच्या हातात. आता मी कुलूप लावलं की तिसरी किल्ली तिथेच बांधून येतो. आणि हेही आईंना सांगा की कचऱ्याला जाताना दार सताड उघडं टाकून जायचं नाही. फाटकाशी गप्पा चालू असताना मागून कोणी आत गेलं तर पुढे लावलेला कॅमेरा बेल वाजण्याचीच वाट बघत राहतो.

पॅनेलची जागा ठरवताना भिंतीला भोक पाडायच्या आधी एक जण ते हातात धरून उभा राहू दे आणि दुसरा बाहेर, पायरीखाली, माणूस जिथे थांबतो तिथे. लेन्स उभं राहायच्या जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर, म्हणजे पाच फुटांच्या थोडी खाली. बाहेर पायरी खाली असेल तर ते माप खालच्या पायरीपासून घ्या, नाहीतर नुसतं कपाळ दिसतं. मग दिशा. तुमचं दार पूर्वेला असेल तर सकाळी आठ-नऊला सूर्य बाहेरच्या माणसाच्या पाठीमागे असतो आणि चेहरा काळा पडतो. पश्चिमेचं असेल तर हेच संध्याकाळी. चांगल्या कॅमेऱ्यात उजेड-अंधार सांभाळायची सोय असते, ती जरूर घ्या, पण पॅनेल समोरच्या भिंतीऐवजी बाजूच्या कोपऱ्यात, उत्तर किंवा दक्षिणेकडे तोंड करून लावता आलं तर सगळ्यात उत्तम. रात्रीची एक चाचणी करा. लेन्सच्या अगदी जवळ पांढरी टाइल किंवा चकचकीत ग्रॅनाइट असेल तर इन्फ्रारेडचा उजेड त्यावरून परततो आणि चित्र धुकट होतं. अशा वेळी दारावर एक साधा एलईडी दिवा संध्याकाळपासून चालू ठेवला तर रंगीत आणि स्वच्छ चेहरा दिसतो. मी तोच पसंत करतो.

पाण्यासाठी आयपी ६५ लिहिलेलं पॅनेल आणि वर पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची छोटी छपरी. सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी भरायचं, खालची कड मोकळी ठेवायची, म्हणजे आत शिरलेलं पाणी खालून निघून जातं. चारही बाजू बंद केल्या की डबा हौदासारखा भरतो. भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली थोडा झोळ द्यायचा, पाणी तिथूनच टपकतं.

बाबांच्या कानांचं. वय झालं की आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, आणि या मॉनिटरांच्या धुना बहुतेक उंच, किणकिणत्या असतात. म्हणून बाबांना टीव्हीवरच्या बातम्या समजतात पण बेल कळत नाही. घरातली जुनी टिंग-टाँग बेल काढू नका. तिचा आवाज खालच्या पट्टीतला असतो. काही मॉनिटरांना जादा बेल किंवा दिवा जोडायला टोक असतं. ते असेल तर बाबांच्या खुर्चीसमोर एक दिवा लावा, बेल वाजली की लागणारा. नसेल तर जुनी बेल तिच्या वेगळ्या बटणासह पॅनेलखालीच राहू द्या.

मॉनिटर घेताना अजून एक बारीक गोष्ट बघा. वयस्कर माणसांची बोटं कोरडी असतात आणि टचस्क्रीनला पुष्कळदा ती कळतच नाहीत. आई तीनदा दाबतात, काही होत नाही, चौथ्यांदा भलतंच उघडतं, आणि मग त्या त्या वस्तूला हातच लावत नाहीत. दाबल्यावर आत जाणारी खरी बटणं असलेला मॉनिटर घ्या. मी बोलायच्या बटणाला हिरवी टिकली आणि कुलपाच्या बटणाला लाल टिकली चिकटवतो, बायकांच्या कपाळाच्या टिकल्याच, त्या चांगल्या चिकटून राहतात. चष्मा नसला तरी रंग कळतो.

वीज. अ‍ॅडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, नुसता जवळच्या सॉकेटवर नको. राउटरसुद्धा त्याच लाइनवर, नाहीतर लाइट गेली की पुण्यात तुमचं चित्र बंद. जूनच्या सुरुवातीला इकडे विजांसह वादळं येतात. अ‍ॅडॅप्टरच्या आधी एक सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) लावा, आणि घराचं अर्थिंग खरंच चालतं का ते त्याच फेरीत तपासून घ्या.

मोबाईलबद्दल. अ‍ॅप चालू करताना कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, ते याच न बदललेल्या पासवर्डांमुळे. अ‍ॅपमध्ये तुम्ही आणि जास्तीत जास्त एक भाऊ-बहीण, बस. बसवणाऱ्याचा मोबाईल जोडणीच्या वेळी अ‍ॅपमध्ये घातला जातो आणि पुढे तसाच राहून जातो. तो गेल्यावर तुम्ही स्वतः यादी उघडून काढून टाका. माझा नंबरही मी घरच्यांसमोरच काढायला लावतो. पुण्यातून कुलूप उघडायची सोय तुम्हाला असावी का? असावी. बाबा पडले, आई घाबरून दारापर्यंत पोचू शकत नाहीत आणि शेजारी किंवा १०८ ची माणसं बाहेर उभी आहेत, तर तो एक स्पर्श फार मोलाचा ठरेल. पण रोजच्या माणसांसाठी तुम्ही पुण्यातून दार उघडू नका. घरात कोणी आलं हे आईंना दार उघडल्याच्या आवाजावरून कळता कामा नये. कॅमेऱ्यात समोरच्यांची खिडकी येत असेल तर तो वळवा किंवा तेवढा भाग झाका, आणि भाडेकरूंना कॅमेरा कुठपर्यंत बघतो ते मॉनिटरवर दाखवा. घरगुती वापर २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याच्या बाहेर आहे. पण हीच माणसं आपल्या आई-बाबांच्या हाकेच्या अंतरावर राहतात.

आता कंपनी. नाव मुद्दाम घेत नाही, कारण मॉडेलं सहा महिन्यांत बदलतात. दुकानात हे विचारा: इंदूरमध्ये सर्व्हिस सेंटर आहे का, बाहेरचं पॅनेल सुटं मिळतं का, अ‍ॅडॅप्टर सुटा मिळतो का. ऊन-पाऊस खाणारं पॅनेलच आधी जातं, आणि ते सुटं मिळत नसेल तर चांगला मॉनिटरसुद्धा टाकून द्यावा लागतो. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. आत्तापर्यंतचं सगळं धरून तुमच्या घराची यादी अशी होते: जाळीच्या दाराशी आयपी ६५ पॅनेल, स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत खऱ्या बटणांचे दोन मॉनिटर, त्यातल्या एकात वायफाय, ०.७५ ची तांब्याची केबल वेगळ्या पाइपमधून, जिभेचं कुलूप आणि त्याचा रिले आत.

बसवून झालं की बसवणाऱ्याला लगेच जाऊ देऊ नका. मी शेवटचा अर्धा तास सरावाला ठेवतो. मी बाहेर जाऊन बेल वाजवतो, आई आत बसून हिरवी टिकली दाबतात. पहिल्यांदा त्या मॉनिटरच्या अगदी जवळ जाऊन ओरडतात, तिसऱ्यांदा साध्या आवाजात बोलतात. मग मी म्हणतो, "मीटर बघायला आलोय." त्या गोंधळतात. अशा वेळी बोलायला एक वाक्य हाताशी लागतं, म्हणून आम्ही ते ठरवून ठेवतो: "आत्ता जमणार नाही, उद्या सकाळी या, मुलगा घरी असेल." एकट्या आहोत हे सांगावं लागत नाही आणि दारातल्याचा अपमान केल्यासारखंही वाटत नाही. मागच्या चैत्रात राजेंद्र नगरातल्या एका काकूंनी ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्या बाहेर उभ्या असलेल्या मला "पाणी हवंय का" असंही विचारत होत्या. मी म्हटलं, काकू, पाणी विचारा, पण मॉनिटरवरूनच.

तुम्ही पुढच्या वेळी इंदूरला याल तेव्हा हा सराव तुम्ही स्वतः घ्या. तीन-चार दिवस, दिवसातून दोनदा, वेगवेगळ्या वेळी बेल वाजवा. शेजारच्या एखाद्या मुलाला पाठवा, ज्याला आई ओळखत नाहीत. आणि रंगपंचमीच्या आदल्या रात्री पॅनेलवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायला बाबांना आठवण करा. आपल्याकडची रंगपंचमी होळीपेक्षा मोठी, आणि लेन्सवर बसलेला पक्का रंग जाता जात नाही.

जिना कुठून निघतो, दाराचं तोंड कुठे आहे आणि राउटर कोणत्या खोलीत आहे, एवढं कळवा. जाळीच्या दाराचा आतून काढलेला एक फोटोही पाठवा, कडीची बाजू दिसेल असा. कुलूप कोणत्या मापाचं लागेल ते त्यावरून सांगतो.